एका फाइलीतली रक्तपेढी

"तीन सांगितलेस," डॉक्टर हेर्लेकर म्हणाल्या. "आता तुझं मन कशावर बसलंय ते सांग."

टेबलावर रक्तदात्यांचा एक जुना फॉर्म उलटा पडला होता. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर, मी रक्तपेढीसाठी लिहीत असलेल्या प्रोग्रॅमकरता, तीन चौकोन काढले होते. पहिला म्हणजे मोठा डेटाबेस. त्याला स्वतंत्र कॉम्प्युटर हवा, तो सतत चालू हवा आणि त्याच्याकडे अधूनमधून बघणारं जाणतं माणूस हवं. दुसरा त्याहून लहान, पण त्याच्या परवान्याची भानगड होती. तिसरा चौकोन मी मुद्दामच एवढासा काढला होता.

"हा," मी त्यावर पेन टेकवलं. "हा वेगळा बसवावा लागत नाही. आपल्या प्रोग्रॅमच्या पोटातच असतो. दाते, पिशव्या, तपासण्या, सगळं एका फाइलीत."

"सगळी रक्तपेढी एका फाइलीत?" तांबोळीचाचा दारातूनच म्हणाले. ते तिथले तंत्रज्ञ. बावीस वर्षांची नोकरी, आणि फ्रिजची किल्ली कायम कमरेला. डॉक्टरसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय फ्रिजला हात लावत नसत.

"हो चाचा. पेनड्राइव्हवर घ्यायची, लॅपटॉपवर टाकायची आणि कॅम्पला न्यायची. संध्याकाळी आल्यावर परत इकडे टाकायची. झालं."

"आणि दिवसभर इथं एक आणि कॅम्पला एक, अशा दोन झाल्या तर?" डॉक्टरांनी विचारलं. "त्यातली खरी कुठली धरायची?"

"शेवटची ती खरी."

"म्हणजे कॅम्पच्या दिवशी मी इथं काही लिहायचंच नाही?"

"त्या दिवशी इथं असतं कोण, मॅडम? तुम्ही एकट्या. आणि पुढच्या आवृत्तीत मी दोन्ही फाइली एकमेकींशी जुळवून घेण्याची सोय करणार आहे."

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. डॉक्टर हसल्या, "तू म्हणतेस तर तसं," म्हणाल्या आणि कागद माझ्याकडे सरकवला. तिसरा चौकोन निवडण्याचं खरं कारण मी त्यांना सांगितलंच नाही. मोठा डेटाबेस घेतला असता तर त्याच्या कुरबुरी निस्तरायला दर महिन्याला मला पुण्याहून सीना नदीकाठच्या त्या गावी एसटीने यावं लागलं असतं. मला ते नको होतं. फाइलीला माझी गरज नव्हती, म्हणून मला फाइल आवडली, इतकं साधं होतं ते.

प्रोग्रॅमबरोबर मी अठरा पानांची एक माहितीपुस्तिकाही दिली होती. शिबिराच्या दिवशी मुख्य कॉम्प्युटरवर कोणतीही नोंद करू नये, असं तिच्या नवव्या पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं. ते छापलं आणि माझं कर्तव्य संपलं, असं मला वाटलं. चार महिने सगळं सुरळीत चाललं आणि पुढची आवृत्ती काही मी केली नाही.

मे महिना उजाडला. मे महिन्यात रक्तपेढ्या कोरड्या पडतात, हे मला तिथंच कळलं. कॉलेजांना सुट्ट्या लागलेल्या असतात, लोक लग्नांमागे असतात आणि उन्हाला भिऊन कुणी रक्त द्यायला येत नाही. फ्रिजमध्ये चार पिशव्या उरल्या होत्या, त्याही शनिवारी संपल्या. रविवारी जवळच्या एका गावात तरुण मंडळाने कॅम्प घेतला तेव्हा कुठे अठ्ठेचाळीस पिशव्या मिळाल्या. सोमवारी त्या सगळ्या तपासण्यांत पास झाल्या, पण त्यांवर चिकटवायची लेबलं काही केल्या छापली जाईनात. लेबल नसलेली पिशवी बाहेर द्यायची नाही, असा चाचांचा नियम. म्हणून बुधवारी सकाळी पहिली एसटी पकडून मी तिथे आले. साडेदहापर्यंत लेबलं छापून दिली आणि चहा घेत बसले.

"करुणा," डॉक्टरांनी केबिनमधून हाक मारली. "बादची यादी काढलीस का? त्यात एक पिशवी कमी दिसतेय."

बादची यादी म्हणजे फेकायच्या पिशव्यांची यादी. दर बुधवारी ती छापायची, चाचांनी तिच्याप्रमाणे फ्रिजमधून पिशव्या काढायच्या आणि दुपारच्या गाडीने त्या जाळायला जायच्या. यादीवर फक्त नंबर. कुणाची पिशवी गळकी, कुणाची कमी भरलेली, कुणाची आणखी कशाने बाद, हे त्यावर लिहायचं नाही आणि चाचांनीही विचारायचं नाही, ही डॉक्टरांनी पाडलेली पद्धत होती.

"किती हव्यात?" मी विचारलं.

"चार. तीन मागच्या आठवड्यातल्या गळक्या आणि एक मी काल बाद केलेली."

मी यादी पाहिली. तिच्यात तीनच नंबर होते.

"काल म्हणजे मंगळवारी? मंगळवारी दुसरा कॅम्प होता ना, मॅडम? चाचा लॅपटॉप घेऊन गेले होते?"

"हो. आणि अकराच्या सुमारास इथं फोन आला." डॉक्टर उठल्या आणि त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. "रविवारच्या कॅम्पमधला दाता. पोरगाच असावा, आवाजावरून. म्हणाला, माझं रक्त कुणाला देऊ नका, कारण विचारू नका. रडत होता. मंडळातले सगळे देत होते, मागं सरला असता तर गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. लागण नवी असेल तर काही आठवडे आपल्या तपासणीत दिसत नाही, हे त्याला कुणीतरी सांगितलं असावं. मी त्याला म्हटलं, नाव सांगू नकोस, फक्त कार्डावरचा पिशवीचा नंबर सांग. त्याने सांगितला, मी कॉम्प्युटरवर पिशवी बाद केली. झालं."

"आणि नंबर?"

"तो कॉम्प्युटरवर आहे की."

माझ्या हातातला कप मी हळूच खाली ठेवला. मंगळवारी सकाळी सात वाजता चाचांनी फाइलीची नक्कल लॅपटॉपवर घेतली होती. अकरा वाजता डॉक्टरांनी इथल्या फाइलीत एक पिशवी बाद केली. संध्याकाळी चाचांनी लॅपटॉपवरची फाइल आणून इथल्या फाइलीवर टाकली. जुनी बदलायची का, असं कॉम्प्युटरने विचारलं असेल आणि चाचांनी मी शिकवल्याप्रमाणे 'हो' म्हटलं असेल. सकाळी सातची रक्तपेढी संध्याकाळच्या रक्तपेढीवर येऊन बसली होती. डॉक्टरांची नोंद कुठेच नव्हती. रोज आपोआप होणारी राखीव नक्कलसुद्धा त्याच रात्री नव्या फाइलीची झाली होती, कारण जुनी नक्कल पुसून तिच्याच नावाने नवी करायची, हेही माझंच डोकं.

मी त्यांना सांगितलं. त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे ती पिशवी आत्ता फ्रिजमध्ये चांगल्यांत आहे?"

"हो. तुम्हाला नंबर काहीच आठवत नाही?"

"अकराशे आणि वर काहीतरी. ते सगळेच अकराशे आणि वर आहेत." त्यांनी कपाळाला हात लावला. "मी मुद्दाम लिहून ठेवला नाही गं. कागद कुणाच्या हाती पडतो. आणि फोन नाक्यावरच्या नाणी टाकायच्या पिवळ्या डब्यावरून केलेला, परत लावून तो भेटायचा नाही."

आम्ही बाहेर आलो. तांबोळीचाचा हातमोजे चढवत होते आणि त्यांच्यासमोर काउंटरपलीकडे एक माणूस उभा होता. अंगात पेट्रोलपंपाचा खाकी शर्ट, छातीवर पट्टी, 'नागनाथ'. हातात थर्माकोलचा खोका आणि नर्सिंग होमची चिठ्ठी.

"मॅडम, ह्याची बायको बाळंतीण हाय," चाचा म्हणाले. "ओ पॉझिटिव्ह, दोन पिशव्या. रक्त थांबंना झालंय म्हन. लेबलं लागली, जुळवूनबी बघितलंय. देऊ का?"

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "रविवारची एकही पिशवी बाहेर द्यायची नाही."

"मंग काय देऊ? फ्रिजात रविवारचंच हाय सगळं. कालच्याची तपासनी व्हायची हाय अजून."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. नागनाथने डॉक्टरांकडे पाहिलं. त्याला काहीच कळलं नव्हतं, पण तो खोका छातीशी धरून उभा राहिला.

केबिनमध्ये आम्ही तिघं उभ्याउभ्याच बोललो. सोलापूरहून रक्त आणायचं तर जाऊन यायला तीन तास. डॉक्टरांनी फोनाकडे हात नेला होता. तेवढ्यात मी म्हणाले, "मॅडम, थांबा. फाइल मिळेल."

"कशी मिळेल? गेली म्हणालीस ना?"

"फाइलीवर फाइल टाकली तरी जुनी लगेच पुसली जात नाही. कॉम्प्युटर ती जागा मोकळी समजतो, पण आतलं लिखाण पडून असतं. मी एका फोटो स्टुडिओचे फोटो असेच परत काढून दिलेत. वीस मिनिटांत."

"नक्की?"

"अर्धा तास धरा. अर्ध्या तासात नंबर काढून देते."

फोनावरचा त्यांचा हात मागे आला. तेव्हा साडेअकरा वाजले होते. भिंतीवर औषध कंपनीचं घड्याळ होतं आणि ते मी पाहिलं, म्हणून मला वेळ पक्की आठवते.

मी कॉम्प्युटर बंद करून त्याची डिस्क बाहेर काढली आणि माझ्या लॅपटॉपला जोडली. शोधणारा प्रोग्रॅम सुरू केला. पडद्यावर एक हिरवी पट्टी आली आणि तिच्याखाली टक्के. स्टुडिओची डिस्क नवी होती. ही सहा वर्षांची, धूळ खाल्लेली आणि मधूनच कुरकुर करणारी. पाच मिनिटांनी पट्टीखाली दोन टक्के लिहून आलं. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि तो कुणाला सांगितला नाही.

काचेपलीकडे नागनाथ बाकावर बसला होता. खोका मांडीवर. दर थोड्या वेळाने तो उठायचा आणि काचेच्या खिडकीशी यायचा.

"ताई, झालं का?"

"होतंय."

"कॉम्प्युटर अडकलाय व्हय?"

"हो. होईल आता."

"आमच्या पंपावरबी अडकतोय अदनंमदनं," तो म्हणाला, मला समजून घेत असल्यासारखा. "बंद करून चालू केला का चालतोय." आणि परत जाऊन बसला.

बारा वाजता पंधरा टक्के झाले होते. डॉक्टरांनी नर्सिंग होमला फोन लावला. मला त्यांच्याच बाजूचं ऐकू येत होतं. "किती गेलंय? सलाइन? ... गर्भपिशवी आवळली का पोट दाबून? ... हो, हो, देतोय आम्ही. देतोय." त्यांनी फोन ठेवला आणि त्या माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"अर्धा तास झाला, करुणा."

"डिस्क जुनी आहे, मॅडम. पण सापडायला लागलंय." ते खोटं नव्हतं. जुन्या फाइलींची नावं पडद्यावर उमटायला लागली होती. त्यांत आमची नव्हती, एवढंच.

"सोलापूरला फोन करू का?"

"आता केला तर तीन वाजतील. त्याच्या आत हे होतंय."

चाचा दारात आले. त्यांच्या हातात दोन पिशव्या होत्या, जुळवून ठेवलेल्या, लेबल लावलेल्या. "ह्या परत फ्रिजात ठेवू का भाईर राहू देऊ?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "मॅडम, कालची फाइल मीच टाकली. ताईनं शिकवलं तसं. माझं काय चुकलं का?"

"तुमचं काही चुकलं नाही, तांबोळी. फ्रिजमध्ये ठेवा."

'चाचा, माझं चुकलं' हे तीन शब्द होते आणि मला ते म्हणता आले नाहीत.

बारा वीसला डॉक्टर परत आल्या. या वेळी त्या शेजारच्या स्टुलावर बसल्या आणि माझ्या लॅपटॉपकडे न बघता माझ्याशीच बोलल्या.

"अठ्ठेचाळीस पिशव्यांत एक. ओच्या एकोणीस आहेत. आपण देतोय त्या दोन. म्हणजे ती निघण्याची शक्यता फार थोडी. आणि तिकडे ती बाई हातातून चाललीय. मला वाटतं देऊन टाकावं."

मला आजही तो क्षण जसाच्या तसा आठवतो, कारण त्या माझी परवानगी मागत नव्हत्या. त्यांना फक्त कुणीतरी 'द्या' म्हणायला हवं होतं. मी नुसती गप्प राहिले असते तरी त्यांनी पिशव्या दिल्या असत्या. पण नेमकी त्याच वेळी पट्टी भराभर पुढे सरकायला लागली आणि पडद्यावर आमच्या फाइलीचं नाव आलं.

"सापडली! दहा मिनिटं, मॅडम. फक्त दहा मिनिटं. आता कशाला धोका घ्यायचा?"

त्यांनी उठून फोन केला आणि म्हणाल्या, "दहा मिनिटांत निघतंय."

माझ्या मनात त्या वेळी काय होतं, ते मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःशीच घोळवत राहिले. माझी चूक कुणाच्या अंगात जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. त्या दोन पिशव्यांतली एक ती निघाली असती तर ती चूक माझ्या नावाने एका बाईच्या रक्तातून जन्मभर वाहिली असती. त्या बाईच्या अंगातून त्याच वेळी काय वाहून चाललंय, याचा विचार माझ्या भित्र्या मनाने केला नाही. मी त्या बाईला वाचवत नव्हते, स्वतःला वाचवत होते.

फाइल मोडकी निघाली. सुरुवातीचा भाग गेला होता, त्यामुळे प्रोग्रॅम ती उघडेना. मग मी ती कच्चीच उघडली आणि ओळीमागून ओळ वाचत सुटले. आकडे, तारखा, मध्येच अर्धवट नावं. बाद पिशवीला मी एक खूण दिली होती आणि ती शोधत खाली खाली जात होते. मागून घड्याळाचा आवाज येत होता, का तो पंख्याचा होता कोण जाणे. नागनाथ आता बाकावर बसतच नव्हता, खिडकीशीच उभा होता. त्याने विचारणं सोडून दिलं होतं.

एक वाजून दोन मिनिटांनी मला ती ओळ दिसली. मंगळवारची तारीख, सकाळी अकरा वाजून सहा मिनिटं, आणि खूण.

"अकराशे एकतीस!" मी ओरडले. "मॅडम, अकराशे एकतीस!"

चाचांनी फ्रिज उघडला. त्यांचा हात वरच्या कप्प्यात गेला, मग खालच्या. त्यांनी पिशवी बाहेर काढली, लेबल वाचलं आणि ते तसेच उभे राहिले.

"ए पॉझिटिव्ह," ते म्हणाले. मग कुणाकडेही न बघता, "म्हंजे ओच्या समद्या चांगल्या हुत्या. सकाळपास्नं."

डॉक्टर म्हणाल्या, "ते नंतर. त्याला द्या आधी."

पुढचं सगळं दोन मिनिटांत झालं. चाचांनी दोन्ही पिशव्या बर्फावर ठेवल्या, वर आणखी बर्फ लावला, खोका चिकटपट्टीने बंद केला. नागनाथच्या हातात खोका पडला तेव्हा त्याचा चेहरा एकदम उजळला. तो दारापर्यंत पळाला, काहीतरी आठवल्यासारखा मागे फिरला आणि खिडकीशी आला. खोका धरलेल्या हातांनी त्याला नमस्कार करता येईना, म्हणून त्याने खोक्यासकट मान खाली केली.

"ताई, लई उपकार झालं. तुमी हुतासा म्हनून. सकाळपास्नं बघतोय, जागची हाललासुदीक न्हाईसा."

"जा लवकर," मी म्हणाले.

"पोरगं हाय बरं का," तो जाताजाता म्हणाला. "आल्यावर पेढं घेऊन येतो." बाहेर त्याची मोटारसायकल दोन किकांत सुरू झाली आणि आवाज लांब गेला.

चाचांनी अकराशे एकतीस नंबरची पिशवी बादच्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं. डॉक्टर खुर्चीत बसल्या. त्यांनी डोळे मिटले होते. मी डिस्कच्या वायरी गुंडाळायला घेतल्या, कारण हातांना काहीतरी करायला हवं होतं.

फोन वाजला.

डॉक्टरांनी तो उचलला. "हो, बोला. निघालाय तो, आत्ताच निघालाय." मग त्या ऐकत राहिल्या. "कधी?" त्यांनी विचारलं. मग पुन्हा ऐकलं, "बरं," म्हणाल्या आणि रिसीव्हर जागेवर नीट बसलाय की नाही ते बघून हात काढून घेतला.

"बारा पन्नासला गेली," त्या म्हणाल्या.

चाचांनी हातमोजे काढले आणि पुन्हा घातले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "त्याच्याजवळ फोन हाय का?"

डॉक्टरांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. तिच्यावर नर्सिंग होमचाच नंबर होता. मी खिडकीशी गेले. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. नागनाथ एव्हाना जेमतेम बसस्टँडपर्यंत पोचला असेल. बर्फ वितळू नये म्हणून त्याने डोक्याचा टॉवेल सोडून खोक्यावर टाकला होता, तेवढं मी तो निघताना पाहिलं होतं.